पायदान नसलेलं गाणं

बुधवारी रात्री आठ वाजले की रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात जेवणं खोळंबत. रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागे आणि आत्या मांडीवर वही घेऊन बसे. अमीन सयानी सोळाव्या पायदानापासून वर चढत जात, ती पेन्सिलीनं लिहीत जाई: क्रमांक, गाणं, चित्रपट. पायदान हा शब्द आमच्या घरात असा मुरला की परीक्षेचा निकाल लागल्यावर बाबासुद्धा विचारत, “कितवं पायदान?”

कुठलं गाणं कितव्या पायरीवर, हे ठरे दुकानांतल्या रेकॉर्डच्या खपावरून आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पत्रांवरून. आमच्याच भागातल्या भाटापाऱ्याचं नाव फर्माइशींच्या यादीत सारखं ऐकू येई. तिथली माणसं पोस्टकार्डांवर किती पैसे घालत असतील, याचं मला फार नवल वाटे. 1953 साली वर्षभरात पहिलं आलेलं गाणं ‘अनारकली’तलं होतं, चाल सी. रामचंद्रांची. “आपला पुणतांब्याचा माणूस,” आत्या सांगे, जणू शेजारीच राहायचा.

पण त्या वहीचं शेवटचं पान निराळं होतं. तिथं आकडे नव्हते. सिलोनला पत्रं जात सिनेमाच्या गाण्यांसाठी. आकाशवाणी रायपूर 1963 साली सुरू झालं, आणि त्यावर लागणारी छत्तीसगढी गाणी आत्या त्या पानावर उतरवून घेई. त्यात एक रायपूरच्या जोशी भगिनींनी गायलेलं होतं. सासू, नणंद, दीर, सगळं सासर त्यात यायचं आणि ध्रुवपदाला झेंडू. छत्तीसगढीत झेंडूला गोंदा म्हणतात. महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला आम्ही मुली हेच म्हणायचो, मराठी गाण्यांच्या मधोमध, आणि ते परकं आहे असं कुणाला वाटलं नाही. “याला कितवं पायदान?” मी एकदा विचारलं. आत्या म्हणाली, “याच्यासाठी कोण कार्ड टाकणार गं?”

20 फेब्रुवारी 2009 ला ‘दिल्ली-6’ आला. त्यासाठी हे गाणं रघुवीर यादव यांनी सुचवलं, रजत ढोलकिया यांनी बांधणी केली, प्रसून जोशींनी हिंदी शब्द घातले, सिनेमाचं संगीत ए. आर. रहमान यांचं, आणि आमचा गोंदा ‘गेंदा फूल’ होऊन देशभर वाजला. जयस्तंभ चौकातल्या प्रत्येक ऑटोत तेच. पुढच्या वर्षी रेखा भारद्वाज यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं, ‘ससुराल गेंदा फूल’ नावाची मालिकाही टीव्हीवर आली. मी सीडी आणली तेव्हा आत्या बऱ्यापैकी थकली होती. डोळे मिटून तिनं पूर्ण ऐकलं. मग विचारलं, “कोण गातंय?” मी कव्हरवरची नावं वाचली: रेखा भारद्वाज, श्रद्धा पंडित, सुजाता मजुमदार. “छान गातायत,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “जोशींच्या पोरींना कळवलं असेल ना कुणी?”

मला उत्तर देता आलं नाही.

2020 साली ‘गेंदा फूल’ नावाचंच दुसरं गाणं आलं, बादशाहचं, बंगाली लोकगीतावरचं. ते लोकगीत रचणाऱ्या बीरभूमच्या रतन कहार यांचं नाव त्यावर नव्हतं. लोकांनी आवाज उठवल्यावर बादशाहनं त्यांना पाच लाख रुपये पाठवले. तेव्हा मला आत्याचा प्रश्न पुन्हा आठवला. जुनी चाल नव्या हातात जाणं मला आवडतं, त्यानंच ती जगते. पण ज्या गळ्यातून आपण ती पहिल्यांदा ऐकली, तो गळा कुणाचा हे सांगायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ सोडणं मला अन्याय वाटतो.

आत्या गेली. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावरची पेन्सिल पुसट होत चालली आहे, म्हणून मी ते पान शाईनं गिरवलं. तुमच्याही घरात कुणी आकाशवाणी रायपूरवरची गाणी अशी उतरवून ठेवली असतील. ती वही रद्दीत देऊ नका, आणि गाण्यापुढे गाणाऱ्याचं नाव नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून लिहून घ्या.