दगडफुलाच्याही आधीं

आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत शिकविलें. ‘जड’ या शब्दाचें उदाहरण द्यावयाचें म्हणजे फळ्यावर ‘पाषाण’ लिहावयाचें, हा आमचा परिपाठ. उघड्या खडकावर प्रथम दगडफूल येतें, मग शेवाळ, मग गवत, हा क्रमही आम्ही मुलांकडून घोकून घेत असूं. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, नुसत्या दगडावर दगडफूल तरी काय खाऊन जगतें?” वर्ग हंसला. आम्हांस उत्तर येत नव्हतें, म्हणून आम्हीं त्यालाच तासभर उभें केलें. गोड्या मसाल्यापलीकडे दगडफुलाची आमची ओळख नव्हती!

परवां नातीनें २००८ सालचा एक शोधनिबंध आम्हांस वाचून दाखविला. पेरू देशांत, अँडीज पर्वतांत, सुमारें ५००० मीटर उंचीवर पुका नांवाच्या हिमनदीचें बर्फ मागें हटत गेलें व नवी भूमि उघडी पडली. तिचा हा अभ्यास. हिमनदीच्या कडेपासून जितकें दूर जावें, तितकी माती वयानें वडील. दिवसां प्रखर ऊन, रात्रीं सर्व गोठलेलें. तरीही बर्फ हटल्यापासून चारपांच वर्षांतच तेथें नाना जातींचे नीलहरित जिवाणु वस्तीस आले होते. दगडफूल, शेवाळ, रोपें यांचा अजून पत्ताही नव्हता.

खडकांत स्फुरद असतो, पालाश असतो. नत्र मात्र जवळजवळ नसतो. हवेंत तो चारपंचमांश भरला आहे, पण वनस्पतींना तो तसाच घेतां येत नाहीं. भरल्या पानावर बसवून हात बांधून ठेवावे, तशी त्यांची गत! नीलहरित जिवाणूंपैकीं कित्येक हा नत्र हवेंतून घेऊन त्याचें अन्न करितात. त्या चारपांच वर्षांत मातींतील हें काम जवळजवळ शंभरपट वाढल्याचें संशोधकांना आढळलें. मातीही पूर्वीपेक्षां घट्ट धरून राहूं लागली होती. तीव्र किरणांपासून बचावासाठीं हे जीव अंगांत रंगद्रव्य बाळगतात. छत्रीच म्हणा ना.

म्हणजे आमच्या क्रमाचें पहिलें पानच गळालें होतें, आणि तें त्या मुलाच्या लक्षांत आलें होतें.

तो आतां पन्नाशीला आला असेल. हजेरीपटांतील त्याचें नांव आम्हांस आठवतें. नात त्याचा पत्ता शोधीत आहे. मिळाल्यास निबंध धाडूं. सोबतच्या पत्राची पहिली ओळ मात्र तीनदां लिहून खोडली आहे.