दोन बारांच्या मधे

आबाजींच्या बंदुकीला बोअर नव्हता. परवान्याच्या पुस्तकात एक क्रमांक होता आणि तोच नळीवर छिन्नीनं खोदलेला होता. पण ही किती बोअरची, असं कुणी विचारलं की आबाजी नळीच्या तोंडाशी करंगळी नेत आणि म्हणत, "एवढी." ज्या लोहारानं ती नळी घडवली त्यानं कुठल्या कारखान्याचं कोष्टक पाहिलेलं नव्हतं. नळी झाली तशी तिची गोळी ठरली, गोळी ठरली तसा साचा कोरला गेला. त्या साच्यातली गोळी शेजारच्या गावातल्या बंदुकीत गेली नसती, आणि गेली असती तर खुळखुळली असती.

ती ठासणीची बंदूक. आमच्या झाडीपट्टीत तिला भरमार म्हणतात. भरा आणि मारा. नावातच तिची सगळी रीत आली. 1959च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि आबाजींचा परवाना त्या राखणीपुरताच होता. नागभीडच्या बाजूला आमच्या धानाच्या बांध्या जंगलाला अगदी खेटून. धान निसवलं, दाण्यात दूध भरू लागलं, की डुकरं उतरत. मग दिवाळीपर्यंत रोज रात्री जागल. आबाजी मचाणावर, मी त्यांच्या घोंगडीत, आणि बंदूक आम्हां दोघांच्या मधे.

बार भरणं मी इतक्यांदा पाहिलं आहे की आजही डोळे मिटले की त्याचे आवाज क्रमानं ऐकू येतात. आधी बांबूच्या पेराचं ते छोटं माप बाटलीच्या तोंडाशी किणकिणायचं. काळी दारू नळीत उतरताना रेती ओतल्यासारखी सुस्कारायची. मग गोणपाटाचा बोळा, आणि मग गज. गज आधी खडखडत खाली जाई. तळाशी टेकला की ठक्क असा बसका आवाज येई. आबाजी ठासत राहत, आवाज घट्ट होत जाई, आणि एका क्षणी गज हातातून आपोआप वर उसळे. "उडाला का? मंग बसला," आबाजी पुटपुटत. शेवटी बोटाच्या नखाएवढी टोपी, तीही अंधारात चाचपून. एक बार उडाल्यापासून दुसरा भरून होईपर्यंत मी मनात आकडे मोजत असे. शंभरच्या अलीकडे ते कधी आटपलं नाही.

या सगळ्यात गोळी नसायची. पहिल्या वर्षी मी विचारलं, तर ते म्हणाले, "डुकराले सांगाचं आहे का इथं मानूस आहे. त्याले शिसं कायले पाह्यजे, बाबू?" बार आभाळाकडे निघे, जंगलाच्या भिंतीवर आपटून परत येई, आणि खाली धानातून सळसळत काहीतरी पळून जाई. त्यानंतरच्या शांततेत आम्ही दोघं पुन्हा भरत बसत असू.

पुढे शहरात गेल्यावर बंदुकांवरची पुस्तकं हाती लागली आणि त्यांत 'वाइल्डकॅट' हा शब्द भेटला. वाइल्डकॅट म्हणजे रानमांजर. अमेरिकेतले हौशी नेमबाज कुठल्याही कंपनीच्या यादीत नसलेल्या काडतुसाला हे नाव देतात. बाजारातलं एखादं पितळी काडतूस घ्यायचं, त्याची मान आवळायची किंवा रुंद करायची, खांद्याचा उतार बदलायचा, आणि नळीचं घर त्या नव्या आकाराला बेतून कापून घ्यायचं. शिंप्याकडून अंगावर माप देऊन सदरा शिवून घ्यावा तशी ती रायफल. तिचं काडतूस दुकानात मिळत नाही, म्हणून प्रत्येक बार घरी, टेबलाशी बसून, हातानं भरायचा. यातली काही रानमांजरं पुढे माणसाळली. .22-250 हे काडतूस कित्येक वर्षं असंच घरोघरी भरलं जात होतं. 1965 साली रेमिंग्टन कंपनीनं ते आपलं म्हणून बाजारात आणलं.

त्या वाचनातल्या दोन गोष्टी मनात घर करून राहिल्या. एक पितळेची. पहिला बार उडतो तेव्हा आतल्या दाबानं काडतुसाचं पितळ फुगतं आणि नळीच्या घराला सगळीकडून टेकून बसतं. बाहेर येतं ते त्या एकाच रायफलीचा ठसा घेऊन. जाणता माणूस ती रिकामी काडतुसं जपून ठेवतो आणि त्याच रायफलीसाठी पुन्हा भरतो. दुसरी गोष्ट वजनाची. तिथे दारू ग्रेनमध्ये तोलतात, आणि ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. मला एकदम आमच्या कुंपणावरच्या गुंजा आठवल्या, लाल, काळ्या डोळ्यांच्या. सोनार ज्या गुंजेनं सोनं तोलत आला ती जवळपास दोन ग्रेनांची. माणसाला अगदी बारीक वजन करायची वेळ आली तेव्हा जगाच्या दोन टोकांना त्यानं बीच हातात घेतलं.

तेव्हा कळलं की आबाजींची भरमार हीसुद्धा एक रानमांजरच होती. तिचं माप फक्त तिचंच होतं, आणि ते ओळखणारा हात एकच.

नेमकं याच मुलखासाठी बंदूक कशी असावी, याचा विचार फार पूर्वी एका माणसानं जीव लावून केला होता. 1861 साली मध्य प्रांत झाला, चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, त्याचा एक जिल्हा झाला, आणि त्या प्रांताच्या जंगलखात्यात जेम्स फोर्सिथ नावाचा तरुण लष्करी अधिकारी काम करू लागला. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं त्याचं पुस्तक 1871 साली निघालं आणि त्याच वर्षी तो वारला. त्याआधी त्यानं शिकारी रायफलीवर एक पुस्तक लिहिलं होतं. युरोपात तेव्हा लांब पल्ल्याच्या निमुळत्या गोळ्यांचं वेड होतं. फोर्सिथ म्हणत होता की आपल्या जंगलात जनावर दिसतं ते जवळून, झाडोऱ्यातून, क्षणभर. इथे मोठ्या व्यासाची नळी हवी, तिच्यातले आटे अगदी संथ वळणाचे हवेत, आणि त्यातून शिशाची साधी गोल गोळी भरपूर दारूवर सुटायला हवी. तेव्हाचे बोअरसुद्धा शिशाच्या हिशेबाचे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती बारा बोअरची. म्हणजे अडतीसेक ग्रॅमची गोळी. फोर्सिथ जंगल पाहून बंदूक बेतत होता. त्याच्या मागे साम्राज्य उभं होतं आणि त्या बंदुकीपुढे आलेलं जनावर जमिनीवर पडत होतं, हे विसरता येत नाही. पण त्याच्याही हातात गज होता. पहिली गोळी चुकली तर पुढचा वेळ जनावराचा, हे त्यालाही माहीत होतं.

माप केवळ जंगलच ठरवत नाही, भीतीही ठरवते. 1858 साली अहेरीच्या मुलखात बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला आणि 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. पुढे 1878 साली शस्त्र कायदा आला आणि बंदूक बाळगण्यासाठी हिंदी माणसाला परवाना घ्यावा लागू लागला. 1907च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात .450 व्यासाच्या रायफलींची आयात बंद केली, कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना लागणारी गोळी त्या वाटेनं बंडखोरांच्या हाती पडेल ही धास्ती. मग इंग्लंडच्या बंदूक कारागिरांनी हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी नवी मापं काढली, .470, .465 अशी. त्यातलं .470 आज जगभर नावाजलं जातं, आणि त्याच्या जन्मामागे आपल्या लोकांच्या हातांविषयीची ही धास्ती आहे. पुढे .303 हे लष्कराचं माप लोकांना वर्ज्य राहिलं, म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्यात .315ची शिकारी रायफल होऊ लागली.

काडतूस आलं आणि तो शंभर आकड्यांचा वेळ संपला. दोन नळ्यांच्या बंदुकीतून लागोपाठ दोन बार, मग खटका मागे ओढला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. शिकारीसाठी आखून दिलेले जंगलाचे ब्लॉक, परवाने, मोटारी आणि दिवे यांच्याविषयी सगळे बोलतात. मला वाटतं, जंगल आधी हरलं ते त्या वेळेत. दोन बारांच्या मधे जनावराला पळायला जो अवधी होता, तो जंगलाचा वाटा होता. तो हातभर लांबीच्या गजानं राखलेला होता. बार भरायला कष्ट पडत होते, दारू महाग होती, म्हणून माणूस थांबून विचार करत होता. तो वाटा गेल्यावर तो कायद्यानं परत द्यावा लागला. ताडोबात 1935 साली शिकार थांबली, 1955 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. देशभर वाघाच्या शिकारीवर 1970 साली बंदी आली आणि 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला.

पलीकडे गडचिरोलीत भरमारीचं नशीब वेगळं निघालं. तो जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला. तिथल्या गावांत पोटासाठी आणि शेतासाठी घडवलेल्या या बंदुका पुढे दलमच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांच्या, खांद्यावरही गेल्या. चकमकीनंतर जप्त शस्त्रांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून येत, त्यांत रायफलींच्या शेवटी भरमार हा शब्द असे. मी तो वाचला की मला मचाण दिसे, आणि मन खट्टू होई. गेल्या काही वर्षांत तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या भरमारी पोलिसांकडे आणून दिल्या. छायाचित्रांत त्या एका ओळीत मांडलेल्या दिसतात. एकीची नळी दुसरीसारखी नाही, एकीचा दस्ता दुसरीसारखा नाही. प्रत्येकीमागे एकेक माप हरवलेलं. त्या जमा झाल्या हे चांगलंच झालं. तरी ज्या हातांनी त्या घडवल्या त्यांचं कसब कुठे नोंदलं जाणार, हा प्रश्न मला सोडत नाही.

राखणीच्या दुसऱ्याही रीती होत्या. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. 1983 साली त्यांना आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या सापडल्या. ते बियाणं त्यांनी शेताच्या मधोमध, खाटेएवढ्या जागेत पेरलं आणि डुकरांपासून वाचावं म्हणून काटेरी फांद्यांनी झाकलं. त्यातून एचएमटी हा वाण झाला आणि दूरदूरच्या शेतांत पोचला. मूठभर बियाण्यासाठी काट्यांचं कुंपण करणारा तो माणूस आणि गोळीवाचून बार भरणारे आबाजी, दोघांना आपल्याला काय वाचवायचं आहे हे नेमकं ठाऊक होतं.

निवडणूक आली की आबाजी बंदूक घोंगडीत गुंडाळून ठाण्यात जमा करून येत आणि नंतर परत आणत. ते गेले त्या वर्षी ती शेवटची जमा झाली. घरात राहिलं ते बांबूचं माप. त्याच्या कडेला आबाजींच्या अंगठ्यानं पडलेला गुळगुळीत खळगा आहे. माझा अंगठा त्यात बरोबर बसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ताडोबाला गेलो. मोबाइल फाटकाबाहेरच ठेवायचे होते, हात मोकळे होते. तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गावचा गोंड मुखिया वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, असं सांगतात. पौषात तिथे जत्रा भरते. त्या झुंजीत दोघांच्या मधे काहीच नव्हतं.

तिथून थोडं पुढे रस्त्यावर वाघीण आली. चितळ ओरडलं, मग सगळं थांबलं. तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि चालू लागली, घाई न करता. मी नकळत आकडे मोजू लागलो. तीस झाले, पन्नास झाले. साठाला ती वाळक्या पानांवर थबकली. एकोणऐंशीला तिचं शेपूट बांबूत दिसेनासं झालं.

आबाजींचा गज अजून नळीतच असता.