बर्फाचे यंत्र आणि त्यामागे उभे राहणारे माणूस

रोहिणखेडच्या माणसाने बर्फ उडविणाऱ्या यंत्राच्या निवडीवर लिहावे, हे वाचून आपणांस हसू येणे स्वाभाविक आहे. आमच्या गावाला ठाऊक असलेला बर्फ म्हणजे फाल्गुनात हरभऱ्यावर आणि गव्हावर कोसळणारी गारपीट, नाहीतर मोताळ्याच्या बाजारात सरबताच्या गाडीवर पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी. परंतु वाचकहो, आपल्या परिचयातील किती घरांतली मुले आज शिकागो, बोस्टन, टोरांटो अशा थंड मुलखांत संसार थाटून आहेत आणि किती आईवडील तिकडे महिनोन्‌महिने राहावयास जातात, याचा आपण विचार करावा. माझा मुलगा अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या एका उपनगरात राहतो. माझे वय सदुसष्ट आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला आहे. त्यामुळे त्या घरी स्नो ब्लोअर घेण्याची चर्चा निघाली, तेव्हा तो प्रश्न केवळ यंत्राचा राहिला नाही.

तिकडे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या घरगुती रस्त्याला ड्राइव्ह-वे म्हणतात. त्यावर पडलेला बर्फ घरातल्यांनीच काढावयाचा असतो. तो काढल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही. डेट्रॉईट परिसरात वर्षाकाठी सरासरी चाळीस-पंचेचाळीस इंच बर्फ पडतो. आता शेतकऱ्याच्या हिशेबाने पाहा. ड्राइव्ह-वे बारा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आहे, त्यावर पंधरा सेंटीमीटर बर्फ साचला आहे, असे धरू. हा नऊ घनमीटर बर्फ झाला. तो भुसभुशीत, ताजा असला तरी त्याचे वजन नऊ क्विंटलांच्या आसपास भरते. ओला आणि दबलेला असेल, तर दोन टनांच्या वर जाते. हे सारे फावड्याने उचलून बाजूला फेकावयाचे, तेही शून्याखालच्या तापमानात! आणि आमच्यासारखी माणसे वेळेच्या फरकामुळे पहाटे चारलाच जागी होतात. घर निजलेले असते, हात रिकामे असतात, दाराशी फावडे उभे असते. ज्याने उभा जन्म शेतात काढला, त्याला ते फावडे स्वस्थ बसू देत नाही. ही ओढ किती प्रबळ असते, हे मी स्वानुभवाने जाणतो.

हे काम हृदयास इतके जड का जाते, ते समजून घेतले पाहिजे. चालताना वा सायकल चालविताना पायांचे मोठे स्नायू राबतात. फावडे मारताना मात्र पाय जवळजवळ स्थिर असतात आणि भार हातांवर येतो. हातांच्या श्रमाने नाडी आणि रक्तदाब अधिक वाढतात. जड फावडे उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, त्याने रक्तदाब आणखी चढतो. त्यात थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाच्यासुद्धा. म्हणजे हृदयाची मागणी वाढते त्याच क्षणी पुरवठा कमी होतो.

योगायोग असा की, या विषयावरचा एक गाजलेला प्रयोग मुलाच्या घरापासून फार दूर नसलेल्या रॉयल ओक येथील रुग्णालयात डॉ. बॅरी फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी, पण व्यायामाची सवय नसलेल्या दहा तरुण पुरुषांनी ओला, जड बर्फ एकदा फावड्याने आणि एकदा यंत्राने काढला. फावड्याच्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १७५ पर्यंत गेले, यंत्राच्या वेळी १२४. केवळ दोन मिनिटांतच फावड्याच्या श्रमाने नाडी व्यायामासाठी सर्वसाधारणपणे सांगितलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे गेली. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील १९८१ ते २०१४ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वीस सेंटीमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही. फावडे बहुधा पुरुषच हाती घेतात, हे त्याचे कारण असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे.

तेव्हा यंत्र घ्यावे, हे ठरले. पण कोणते?

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. सिंगल स्टेज यंत्रात रबरी कडांची पाती जमिनीला घासत फिरतात आणि बर्फ उचलून थेट नळीतून फेकतात. ते हलके असते, जमीन स्वच्छ करते, परंतु वीतभर भुसभुशीत बर्फापलीकडे त्याची शक्ती पुरत नाही. आणि ड्राइव्ह-वे खडीचा असेल, तर ते खडीही उडविते. टू स्टेज यंत्रात पुढचे लोखंडी मळसूत्री पाते बर्फ कापून आत ओढते आणि मागचा पंखा तो दूर भिरकावतो. ते स्वतःच्या चाकांवर चालते. त्याचे पाते जमिनीपासून थोडे वर ठेवता येते, म्हणून खडीवरही चालते. मात्र पेट्रोलवर चालणारे असे यंत्र क्विंटलभर वजनाचे असू शकते.

माझ्या मते निवडीचा निर्णय ड्राइव्ह-वेच्या लांबीवर सोडू नये. तो त्याच्या तोंडाशी पडणाऱ्या ढिगावर सोडावा. नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करीत जातो तेव्हा तो प्रत्येकाच्या दाराशी ओल्या, मिठाळ, दगडासारख्या बर्फाचा बांध घालून जातो. हलके यंत्र नेमके तेथेच हात टेकते, आणि मग माणूस म्हणतो, एवढेच तर राहिले आहे, फावड्याने काढून टाकू. सर्वांत जड काम सर्वांत दमलेल्या क्षणी फावड्यावर येते. जे यंत्र हा बांध फोडू शकत नाही, ते हृदयाच्या दृष्टीने अर्धेच यंत्र होय.

दुसरी गोष्ट यंत्रामागे उभे राहणाऱ्या माणसाची. मुलगा महिन्यातून आठवडाभर कामानिमित्त परगावी असतो. त्या दिवसांत यंत्र सूनबाईंच्या हाती असणार. म्हणून दुकानात मी आग्रह धरला की, यंत्र त्यांनीच वळवून पाहावे. पेट्रोलचे मोठे यंत्र त्यांना दोन्ही हातांनी रेटावे लागले. दोरी ओढून ते सुरू करताना खांद्याला हिसका बसला. शेवटी बॅटरीवर चालणारे, साठ सेंटीमीटर रुंदीचे टू स्टेज यंत्र घेतले. ते बटणाने सुरू होते आणि मुठीतला खटका दाबला की जागच्या जागी वळते. किंमत अधिक पडली, हे खरे. बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून ती घरात उबेला ठेवतात. लांब ड्राइव्ह-वे असलेल्यांना पेट्रोलला पर्याय नसेल. त्यांनी निदान विजेने सुरू होणारे घ्यावे. आणि इंजिन गॅरेजमध्ये, दार उघडे असले तरी, कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हृदयानंतर हातांविषयी. कॅनडातील आर्थर सिकार यांनी १९२५ साली स्नो ब्लोअर बनविले, आणि त्याची कल्पना त्यांना मळणी यंत्र पाहून सुचली, असे सांगितले जाते. यंत्राच्या पोटात डोकावल्यावर मला त्यात नवल वाटले नाही. आपल्याकडे थ्रेशरमध्ये पेंढी लोटताना हात गमावलेली माणसे जुन्या पिढीने पाहिली आहेत. त्याच अपघातांपायी १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. बर्फाच्या यंत्राचा धोका त्याच घराण्यातला. ओला बर्फ नळीत अडकतो आणि माणूस बोटांनी तो मोकळा करू पाहतो. यंत्र बंद केले तरी अडकलेल्या पात्यात ताण शिल्लक राहू शकतो. अडथळा निघताच ते एकदम फिरते. म्हणून यंत्र बंद करावे, बॅटरी काढावी, थोडे थांबावे आणि सोबत मिळणाऱ्या काठीनेच बर्फ काढावा. हातमोजे जाड असले तरी बोटे वाचवीत नाहीत. थ्रेशरजवळ आपण सैल धोतर वा उपरणे येऊ देत नाही. तेथे मफलरचे टोक कोटात खोवावे.

यंत्र आले म्हणजे सारे निर्धास्त झाले, असेही नव्हे. मिनिटाला १२४ ठोके हा आराम नाही. माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला फावडे तर नाहीच, यंत्रही वर्ज्य सांगितले आहे, आणि ते मी मान्य केले आहे. दर वेळी मनापासून केले, असे म्हणवत नाही. ज्यांना परवानगी आहे त्यांनी भरल्या पोटी बाहेर पडू नये, आधी घरातच पाच मिनिटे चालून अंग तापवावे, तोंडावर लोकरी पट्टी घ्यावी. छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, थंडीत फुटलेला घाम, नेहमीपेक्षा अधिक धाप, यांपैकी काहीही जाणवले तर उरलेला बर्फ तसाच टाकून आत यावे आणि मदत बोलवावी. तिकडे ९११, आपल्याकडे १०८. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी घसरून पडण्याचीही विशेष धास्ती बाळगावी.

माझ्या वाट्याला नोव्हेंबरातले काम येते. जमीन गोठण्यापूर्वी मी ड्राइव्ह-वेच्या दोन्ही कडांना चमकदार पट्ट्यांच्या उंच काठ्या रोवतो, म्हणजे बर्फाखाली कडा कोठे आहे ते यंत्र चालविणाऱ्यास कळते. पायपुसणे, नातवाची खेळणी, पाण्याची नळी, गोठून यंत्रात अडकेल असे जुने वर्तमानपत्र, सारे उचलतो. तिकडची माती काळी नाही; काठी सहज जात नाही, आधी पहारेने भोक पाडावे लागते. दोन काठ्यांतले अंतर पावलांनी मोजतो. यंदा सव्वीस काठ्या लागल्या.