पातेलं कोण आणणार?

ऐंशीच्या दशकात हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलं, की कपड्यांच्या आधी सामाईक सामानाची वाटणी व्हायची. एकाकडे मोठं पातेलं, दुसऱ्याकडे तांदूळ नि मुगाची डाळ, तिसऱ्याकडे कांदे-बटाटे आणि तिखटमिठाच्या पुड्या. रॉकेलची बाटली ज्याच्याकडे, त्याच्या शेजारी एसटीत कोणी बसत नसे. आणि काडेपेटीवाला मागे राहिला, तर खिरेश्वरहून चढणारी अख्खी टोळी तोलार खिंडीत त्याची वाट बघत बसे. प्रेमापोटी नव्हे, खिचडीपोटी!

कपड्यांचं काम झटपट उरकायचं. विटलेली पँट, सुती शर्ट, घरी विणलेला स्वेटर, पायात कॅनव्हासचे हंटर शूज. सॅक जुन्या बाजारातली, लष्करी कापडाची. ती रिकामी असतानाच जड, भिजली की विचारू नका. पट्टे खांद्यात रुतायचे म्हणून खाली टॉवेलाची घडी. पावसाला खताच्या गोणीतलं प्लॅस्टिक. टॉर्च सॅकमध्ये चुकून पेटू नये म्हणून तिचा एक सेल उलटा घालायचा, ही युक्ती मात्र प्रत्येकाला ठाऊक.

त्या सॅकसाठी मी उसासे टाकणार नाही. आताच्या सॅकचा कमरपट्टा ओझं खांद्यावरून कमरेवर घेतो. गुडघे कुरकुरायच्या वयात तर हा उपकारच. सुती शर्ट घाम-पाऊस धरून ठेवायचा आणि माथ्यावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरायची. पॉलिस्टरचा टीशर्ट चालता चालता वाळतो. गुहेत सतरंजीखालून चढणारा दगडाचा गारवा फोमची हलकी मॅट अडवते. डोक्याला हेडलॅम्प असला की कातळावर दोन्ही हात मोकळे. रेनकव्हरचं कौतुक मात्र जपून करावं: पाठीकडून पाणी शिरतंच, म्हणून कपडे आजही आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पण आता प्रत्येकाची सॅक म्हणजे स्वतंत्र संसार. स्वतःचा दिवा, पॉवर बँक, सुकामेवा, मग, चमचा. ग्रुपवर यादी येते ती भली लांबलचक, पण कुठल्याच वस्तूपुढे कोणाचं नाव नसतं. गडावर गावकऱ्यांकडे पिठलं-भाकरी मिळते, तीही आपल्याला जमायची त्याहून चवदार. त्यामुळे पातेल्याची गरजच उरली नाही. कोणी मागे राहिला तर फोन लावतात. रेंज नसेल तर पुढे निघतात.

सामान परतताना अदलाबदल होण्याचाही आता प्रश्न नाही. पूर्वी ती हमखास व्हायची. आमच्या घरी अजून एक स्टीलचं झाकण आहे, त्यावर मित्राच्या आईचं नाव कोरलेलं. पातेलं त्यांच्याकडे आहे. लग्नकार्यात भेटल्या की काकू आधी झाकणाची चौकशी करतात, मग माझी.