पहिल्या महिन्याचं बिऱ्हाड

परळीहून अंबाजोगाई, केज, नेकनूर, मांजरसुंबा आणि मग बीड, हा रस्ता सप्टेंबरात करावा. दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडू लागलेलं असतं आणि जिल्ह्यात दोन प्रकारच्या स्थलांतरांची तयारी चाललेली असते. एक सगळ्यांना ठाऊक आहे: दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर निघतात. दुसरं नवं आहे आणि संख्येने लहान आहे: जर्मनीतल्या हिवाळी सत्रासाठी शिकायला निघालेली मुलंमुली. हा प्रवास मी या दुसऱ्या वाटेचा विचार करत करतो आहे. परक्या मुलखात माणसाचं बस्तान त्याच्या जिगरीपेक्षा आधी तिथे गेलेल्या माणसांमुळे बसतं, असं माझं मत आहे, आणि त्याचा पहिला पुरावा याच रस्त्यावर मिळतो.

केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतून टोळी निघते तेव्हा कुणी एकटं जात नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे अनेक कोयते एका मुकादमाच्या हाताखाली. फडाजवळ पोचल्यावर कोप्या कुठे घालायच्या, पाणी कुठून आणायचं, किराणा कोण उधार देतो, हे टोळीतल्या कुणाला तरी आधीच माहीत असतं. या व्यवस्थेचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. निघण्याआधी घेतलेली उचल ही कर्जाची बेडी असते, आणि मुलांची शाळा तुटते ती तुटतेच. पण उतरल्याच्या दिवशी कुणाला तरी वाट ठाऊक असणं, ही एवढी गोष्ट या गरीब स्थलांतरात आहे. बारा लाख खर्चून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे ती बहुधा नसते.

बारा लाख हा आकडा हवेतला नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं, म्हणून शेतकऱ्याच्या घरालाही तो देश आवाक्यातला वाटतो. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात आधी भरून ठेवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो आहे, म्हणजे महिन्याला 992. पैसा आपलाच, पण तो महिन्याच्या हप्त्याने चालू खात्यातच सुटतो. चालू खातं उघडायला बऱ्याच बँका पत्त्याची सरकारी नोंद मागतात. ती नोंद घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत करायची असते, आणि तिला घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. घर मिळवायचं तर अनामत, जी कायद्याने 3 महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. म्हणजे सगळ्यात जास्त रोकड लागते त्याच दिवसांत स्वतःचा पैसा हाताला लागत नाही. थंडी आणि जेवण यांबद्दल खूप लिहिलं जातं. माझ्या मते त्या दोन्ही गोष्टी माणूस सोसतो. ही कागदांची साखळी नुसती सोसून सुटत नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळी माहिती मोबाइलवर आहे. आहे, अर्ज कसा भरायचा तेही आहे. पण मोबाइल दाखल्यावर सही करत नाही. ती सही घरमालकाबरोबरच, त्याच्या संमतीने खोली पोटभाड्याने देणारा मूळ भाडेकरूही करू शकतो. म्हणजे वर्षभर आधी गेलेला ओळखीचा विद्यार्थी इथे नुसता धीर देत नाही, ती अडलेली साखळी सोडवतो. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: आपल्याच माणसांत उतरलं की भाषा येत नाही, डबकं होतं. पण आधार देणारा आपल्याच बोलीचा असावा असं कुठे आहे? आनंदीबाई जोशी 1883 च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंचं घर त्यांची वाट पाहत होतं. त्याआधी दोघींचा पत्रव्यवहार झालेला होता. पुढे फिलाडेल्फियात थंड, धुराने भरणाऱ्या खोलीत राहावं लागलं तेव्हा त्यांच्या प्रकृतीचे हाल झाले. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिली जागा सोडून ते लवकरच हिंदी विद्यार्थी राहत होते तिथे गेले, मग नवल भथेना यांच्याबरोबर राहिले. 1915 मध्ये त्यांनी एम.ए. केलं. सुरुवातीच्या सोबतीने त्यांची झेप कुठेही आखूड झाली नाही.

बीडच्या स्टेशनात शिरताना सगळ्यात कठीण आक्षेप मनात येतो. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरची गाडी इथून सुरू झाली. त्याआधी जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीच रेल्वे नव्हती. अशा दुष्काळी जिल्ह्याने परदेशी जाणाऱ्या मूठभरांची चिंता का करावी? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांची वसतिगृहं आधी, हे मलाही मान्य आहे. पण या मूठभरांतही सातबारा गहाण टाकून गेलेले आहेत, आणि पहिल्याच महिन्यात व्याजाने काढलेली रक्कम त्यांच्या घरावर दुसरं कर्ज होऊन बसते. शिवाय इथे मागणी वसतिगृहाच्या पैशांची नाहीच. बीड, अंबाजोगाई, परळीच्या महाविद्यालयांनी गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं आणि शहरं एका वहीत ठेवावीत, आणि तिकीट काढायच्या आधी नव्या विद्यार्थ्याची त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये व्हायला हवं, कारण अहिल्यानगर, पुणे करत मुंबईचं विमानतळ गाठल्यावर तिथून ते करता येत नाही.