प्रश्नकर्त्याचे नाव

सभेला आलेल्या माणसाला नुसते बसवून ठेवू नये, त्याच्याकडे काही काम सोपवावे, हा विचार आज प्रशिक्षणवर्गांतून खेळ, गटचर्चा आणि उपक्रम यांच्या रूपाने मांडला जातो; परंतु अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तो तेराव्या शतकातच आचरणात होता. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी यांच्या उत्तरापंथगमनानंतर, म्हणजे त्यांनी उत्तरेकडे केलेल्या प्रयाणानंतर, नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी याच गावी स्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात राहिले, आणि ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, एकेक आठवण विचारून घेऊन म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. या ग्रंथात स्वामींच्या उत्तराइतकाच मान प्रश्नाला आहे, आणि प्रश्न कोणी विचारला हेही बहुधा नोंदलेले आहे. एका उत्तराने समाधान न होता पुन्हा विचारणारी स्वामींची शिष्या महदाइसा आज आपल्याला ठाऊक आहे, ती या नोंदीमुळेच.

स्वामींची दृष्टान्ताची रीतही श्रोत्याला कामाला लावणारीच होती. केशिराजबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग असतात : सूत्र म्हणजे स्वामींचे वचन, दृष्टान्त म्हणजे त्यासाठी सांगितलेली छोटी गोष्ट, आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या दोहोंचा लावलेला मेळ. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यात आहे. कोणाच्या हाती सोंड येते, कोणाच्या हाती पाय, आणि जो तो हाती आले त्यालाच हत्ती म्हणतो. दार्ष्टान्तिक पुढे केशिराजांनी लिहून ठेवले; प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला मात्र हत्ती कोण आणि आंधळा कोण, हे आधी आपल्या मनाशीच जुळवावे लागत असणार. याच रिद्धपुरात भक्तांनी गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला, तेव्हा महदाइसेने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे, म्हणजे लग्नातली वरविषयक गीते, उत्स्फूर्तपणे रचून गायिली. सोहळ्याला जमलेल्यांतलीच एक बाई मराठीची आद्य कवयित्री ठरली, ही गोष्ट फार मोलाची आहे.

पुढच्या काळातही वऱ्हाडी माणसाला सभा अशीच सहभागाची मिळत राहिली. १९४० च्या आगेमागे या मुलखात जन्मलेल्याने लहानपणी गाडगेबाबांचे कीर्तन ऐकले असण्याचा पुरेपूर संभव आहे. बाबा (१८७६–१९५६) आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात समोरच्यांना साध्या वऱ्हाडीत प्रश्नामागून प्रश्न विचारत. गर्दीतून उत्तर आले, की त्यालाच धरून कीर्तन पुढे सरके. थोडा मोठा झाल्यावर त्याच माणसाला तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या ठेक्यावरचे भजन आणि सामुदायिक प्रार्थना लाभली. कर्तेपणी मात्र त्याच्या वाट्याला आलेली ग्रामसभा बहुतेक ठिकाणी कोरडी होती. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने तिला कायद्याचे स्थान दिले आणि पुढे १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ते भक्कम केले. पण गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान उपस्थितीअभावी, सभा तहकूब व्हावी, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने ती मोजक्या लोकांत उरकावी, आणि वहीवर सह्या, अंगठे घेऊन ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ व्हावा, हा क्रम गावोगावी अंगवळणी पडला. सभेपूर्वी महिलासभा घेण्याची तरतूदही अनेकदा कागदावरच राहते, हे महदाइसेच्या मुलखात विशेष खटकते.

त्याच माणसाने उतारवयात, २०१६ साली, मोर्शीच्या शेजारच्या वरुड तालुक्यात वेगळे चित्र पाहिले. पाणी फाउंडेशनच्या, गावागावांतील जलसंधारणाच्या कामांसाठीच्या वॉटर कप स्पर्धेच्या पहिल्या वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांपैकी वरुड एक होता. गावकऱ्यांचे प्रशिक्षण खेळ, गाणी आणि शिवारफेरी यांतून झाले. शिवारफेरी म्हणजे पाणी कोठून येते आणि कोठे वाहून जाते हे सर्वांनी मिळून पायी पाहणे. ज्याने आपल्या बांधावरचा ओघळ स्वतः दाखवला, त्याला तेथील कामासाठी पुन्हा बोलावणे धाडावे लागत नाही. खेळाने सभा रंगते खरी, परंतु खेळात निघालेली गोष्ट निर्णयात उतरली नाही, तर लोक पुढच्या वेळी येत नाहीत.

म्हणून रिद्धपुराकडून आजच्या ग्रामसभेने एक साधी गोष्ट घ्यावी. इतिवृत्तात ठरावाचा सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिली जातातच. त्यांच्या आधी प्रश्न आणि तो विचारणाऱ्या बाईचे वा माणसाचे नाव लिहावे, आणि पुढील सभेचा आरंभ त्या प्रश्नाच्या उत्तराने करावा.