मुळशीचें पाणी, भिऱ्याची वीज

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें म्हणजे थोड्याच वेळांत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. गेल्या श्रावणांत आम्हीं सहकुटुंब हा प्रवास केला. तलावाच्या कडेकडेनें जावें, ताम्हिणीचा घाट उतरून विळें गांठावें आणि तेथून आडवाटेनें रायगड जिल्ह्यांतील भिऱ्यास जावें. वर पठारावर जें पाणी निश्चल दिसलें, तेंच येथें बोगद्यांतून व पोलादी नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं येऊन चक्रें फिरवितें. टाटांचें हें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें.

एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी उतरलें तर त्यांतून साधारण सव्वा युनिट वीज निघते. ही कमाई कोणास अल्प वाटेल. परंतु येथें कोळसा जळत नाहीं, धूर निघत नाहीं, राखेचे ढीग सांचत नाहींत. शिवाय कोळशाची भट्टी तापावयास तास लागतात; येथें झडप उघडली कीं कांहीं मिनिटांत वीज हजर!

भिऱ्याचें खरें नवल मात्र पुढेंच आहे. १९९० नंतरच्या दशकांत येथें १५० मेगावॉटचें असें एक यंत्र बसविण्यांत आलें, कीं जें उलटेंहि फिरतें. विजेची मागणी कमी असतां तें बाहेरची वीज घेऊन खालचें पाणी पुनः मुळशीच्या तलावांत चढवितें आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी खालीं घेऊन वीज परत देतें. या व्यवहारांत घट आहे. अशा यंत्रांत शंभर युनिट खर्चावे तेव्हां पंचाहत्तर ते ऐशीं हातीं येतात. मग हा आतबट्ट्याचा व्यापार कां करावा? कारण सूर्य देतो दुपारीं आणि आपणांस वीज हवी असते दिवेलागणीस. उन्हाळ्यांत वाळवणें घालून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या घरांस यांतलें मर्म वेगळें सांगावयास नको.

परंतु या तलावाच्या तळाशीं काय आहे, हेंहि वाचकांनीं जाणून घ्यावें. या धरणाखालीं मावळांतील शेतकऱ्यांचीं भातखाचरें व घरें बुडालीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' हें नांव याच लढ्यानें दिलें. १९२४ पर्यंत लढा चालला. अखेर धरण झालेंच. ज्या दिव्यांनीं मुंबई उजळली, त्यांचें मोल मुळशीकरांनीं भरलें.

दुसरें शल्य पाण्याचें. हें पाणी मूळचें भीमेच्या खोऱ्याचें. पूर्वेस गेलें असतें तर तें कोरड्या मुलखाच्या उपयोगीं पडलें असतें. वीजघरांतून सुटून तें कुंडलिकेवाटे अरबी समुद्रास मिळतें. येथेंच उलट्या फिरणाऱ्या यंत्राचा मोठा गुण दिसून येतो. साधें जलविद्युत्गृह पाणी खर्चून वीज देतें. हें यंत्र तेंच पाणी पुनःपुनः फिरवितें. तेवढ्या विजेपुरतें भीमेचें नवें पाणी वेंचावें लागत नाहीं.

२०२३ सालीं शिरवटा येथें १८०० व भिवपुरी येथें १००० मेगावॉटचे असेच प्रकल्प उभारण्याचा करार टाटा कंपनी व महाराष्ट्र शासन यांच्यांत झाला. सूर्याची वीज वाढत आहे, तिला कोठार हवेंच. म्हणून आम्ही या योजनांचें स्वागत करितों. मात्र असलेल्या तलावांवर जेवढें भागेल तेवढें भागवावें, आणि नवा बांध घालणें भागच पडलें तर किती मेगावॉट, हें विचारण्यापूर्वीं कोणाची जमीन, हें विचारावें. मुळशीच्या कांठीं उभें राहून ज्यानें तें पाणी पाहिलें, त्यास हा प्रश्न टाळतां येत नाहीं.